रविवारी गप्प बसणारा डबा

अल-मीना, त्रिपोली

मोठ्या मानाचे फौझीदादा यांस,

मीनाहून तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे मित्रीचा, सप्रेम सलाम. तुमची प्रकृती उत्तम असावी, वहिनींच्या गुडघ्याने मॉन्ट्रियलच्या थंडीपुढे हार मानलेली नसावी आणि मुलं अधूनमधून तुमच्याशी अरबीत बोलत असावीत (निदान पैसे मागताना तरी), अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ठीक हा शब्द लेबनॉनमध्ये ज्या अर्थाने वापरतात त्या अर्थाने. आईंचा रक्तदाब त्यांच्या ताब्यात आहे आणि आम्ही आईंच्या ताब्यात आहोत. नुहादने तुम्हाला सलाम सांगितलेला नाही. पण मी तुम्हाला पत्र लिहायला बसलो आहे हे पाहून तिने न मागता कॉफी आणून दिली आणि कपाखाली बशीही ठेवली, तेव्हा सलाम पोचला असं समजायला हरकत नाही.

पत्रास कारण की, तुम्ही पाठवलेला तो आवाज साठवायचा, डिस्क घातलेला डबा. सासरेबुवांनी वर्षानुवर्षं दर रविवारी जेवणाच्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून घरच्यांची बडबड, भांडणं आणि चावण्याचे आवाज ज्या कॅसेटींवर भरून ठेवले, त्या सगळ्या नुहादने एक अख्खा हिवाळा खपून त्या डब्यात उतरवल्या. कल्पना तुमची आणि ती उत्तम होती, याबद्दल घरात दुमत नाही. इकडे डबा घरच्या राउटरला जोडलेला असावा, तिकडे तुम्ही रविवारी सकाळी कॉफी घेऊन बसावं आणि आपल्या वडिलांचा आवाज ऐकावा. पण होतं असं की तुम्ही कॉफी घेऊन बसता आणि डबा गप्प. आणि मग रमझानच्या आधी एका रविवारी तुम्ही फोनवर लिहिलंत, “वीज वाचवायला डबा बंद करत असाल तर तसं स्पष्ट सांगा, मी रागावणार नाही.”

दादा, तुम्ही हे प्रेमाने लिहिलं असणार. मला खात्री आहे. पण ते वाक्य आलं तेव्हा नुहाद दोडक्याएवढ्या कोवळ्या कुसा, म्हणजे ते छोटे भोपळे, कोरून त्यांत भात भरत होती. (तुम्हाला आवडतात त्याच.) तिने वाचलं, फोन पालथा घातला आणि उरलेल्या कुसांमध्ये भात इतका ठासून भरला की सगळ्या पातेल्यात फुटल्या. तेव्हापासून ती तुमच्याशी बोललेली नाही हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हापासून आमच्याशी ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोललेली नाही, हे बहुधा माहीत नसेल. म्हणून डब्याच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते सगळं सविस्तर कळवतो आहे. वाचून झालं की न्याय तुम्हीच करा. फक्त एवढं आधीच लिहून ठेवतो की नुहादने त्या डब्याचं बटण कधीही बंद केलेलं नाही.

आमचा पहिला संशय विजेवर गेला, आणि कोणाचा गेला नसता? आपल्याकडे वीज दोन प्रकारची. एक सरकारची, ती लांबच्या नातेवाइकासारखी कधीतरी डोकावते. दुसरी अबू तलालच्या जनरेटरची, ती जावयासारखी, म्हणजे आवाज करत आणि आपल्या अटींवर येते. (मी स्वतः या घरचा जावई आहे, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.) एक जाऊन दुसरी येईपर्यंत मधे जो अंधार होतो, त्यात डबा मूर्च्छित पडायचा आणि शुद्धीवर यायला वेळ घ्यायचा. तेव्हा कॉम्प्युटरच्या दुकानातल्या विसामच्या सल्ल्याने आम्ही एक बॅटरीचा खोका आणला, जो वीज गेली की डब्याला धरून ठेवतो आणि आपण धरून ठेवलं आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून पीक-पीक ओरडतो. आईंना तो आवाज दाराच्या घंटेसारखा वाटला. दर वेळी वीज गेली की त्या “आले गं, आले” म्हणत काठी टेकत दारापर्यंत जायच्या. आम्ही पुष्कळ समजावलं. पण एकदा त्यांनी दार उघडलं तर बाहेर खरोखरच शेजारची सब्हीया अजमोद्याची जुडी घेऊन उभी होती, आणि त्या दिवसापासून आई त्या खोक्याला फार हुशार समजतात.

खोका आल्यावर डबा वीज गेली तरी चालू राहू लागला. मी तुम्हाला तसं कळवलंही. आणि पुढच्याच रविवारी तुमचं पुन्हा, “दिसत नाही.” मी जाऊन पाहिलं तर वीज होती, हिरवा दिवा लागलेला होता, आतल्या डिस्क मांजरीसारख्या घुरघुरत होत्या, आणि तरीही माझ्या फोनवर डबा दिसेना. म्हणजे माणूस खुर्चीत बसला आहे, डोळे उघडे आहेत, आणि हाक मारली तर ओ देत नाही. (असं आमच्या सासरेबुवांचंही व्हायचं, पण ते फक्त बिल आलं की.)

आता सर्वांत विचित्र गोष्ट ऐका, कारण या गोष्टीनेच तुम्हा भावंडांचं बिनसलं. नुहाद सकाळी स्वयंपाक करताना वडिलांच्या कॅसेटी ऐकते. तिला एकदाही डबा गप्प बसलेला आढळला नाही. म्हणजे तुम्ही म्हणायचात बंद आहे, ती म्हणायची छान चालतो आहे, आणि दोघंही खरं बोलत होतात. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर मला एक कळलं आहे, की दोघं खोटं बोलत असली तर भांडण मिटतं. दोघंही खरं बोलत असली की माझ्यासारख्याने गच्चीवर जावं.

मी गच्चीवर न जाता विसामला बोलावलं. विसाम चांगला मुलगा आहे, नम्र आहे, त्याला जे येतं ते तो मन लावून करतो आणि जे येत नाही ते त्याहूनही मन लावून करतो. तो सकाळी यायचा, तेव्हा डबा अर्थातच उत्तम चालत असायचा. पहिल्यांदा त्याने उष्णता हे कारण सांगितलं. मग डबा कपाटातून निघून खिडकीत गेला. खिडकीत समुद्राची खारी हवा लागते म्हणून तिथून दिवाणखान्यात गेला. दिवाणखान्यात संत निकोलसच्या तसबिरीखाली ठेवला तर तेलाच्या दिव्याची धग लागते म्हणून तिथून तो स्वयंपाकघरातल्या संगमरवरी ओट्यावर, लोणच्याच्या वांग्यांच्या बरण्यांशेजारी जाऊन बसला. त्याच्यामागे वायर घरभर फिरत होती आणि वायरीमागे मी. सब्हीयाने हे पाहिलं आणि हा उघड उघड दृष्ट लागण्याचा प्रकार आहे असं निदान केलं, कारण एवढा सुंदर डबा गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नाही. तिने एक निळा मणी आणून डब्याला बांधला. विसामला त्यात तांत्रिकदृष्ट्या काही गैर दिसलं नाही.

त्यानंतर विसामने वायर बदलली. मग राउटर बदलला. नवा राउटर बोलेनासा झाला म्हणून जुना परत लावला. शेवटी तो डब्याला कान लावून बसला आणि डॉक्टर चेहरा करतात तसा चेहरा करून म्हणाला की एक डिस्क मरायला टेकली आहे, टिकटिक ऐकू येते आहे. मी जन्मभर दातांच्या कवळ्या बनवल्या, टिकटिकीची मला ओळख आहे. मीही कान लावला. टिकटिक होती. आत दोन डिस्क असतात आणि दोन्हीवर एकच माल असतो, हे तुम्ही मला समजावलं होतंत. मी ते असं लक्षात ठेवलं होतं की वरची कवळी आणि खालची कवळी एकच घास धरून बसल्या आहेत. एक सुटली तरी दुसरी धरून ठेवेल. पण दुसरीही सुटली तर? मूळ कॅसेटींचं तुम्हाला माहीत नाही दादा, मी आजवर सांगितलं नाही. त्यांना बुरशी लागली होती. बहुतेकांच्या फिती नुहादने शेवटचं म्हणून एकदा वाजवल्या आणि वाजतानाच तुटल्या. तेव्हा जे काही आहे ते या डब्यातच आहे. विसामने “मरायला टेकली” म्हटलं तेव्हा नुहाद ओट्याला टेकून उभी होती. तिने फक्त डब्याशेजारच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून उचलल्या आणि लांब ठेवल्या, आजाऱ्याच्या खोलीतून माणसं बाहेर काढतात तशा.

नवी डिस्क बैरूतहून आणली. विसाम म्हणाला की ती बसवली की जुनी डिस्क आपलं सगळं ज्ञान नवीला शिकवत बसेल, त्याला दिवसभर लागेल, आणि तेवढ्यात वीज गेली तर काय होईल ते देव जाणे. बॅटरीचा खोका थोडा वेळ तग धरतो, दिवसभर नाही. म्हणून मी अबू तलालकडे गेलो. तुम्हाला तो आठवेल तो किडकिडीत पोरगा म्हणून. आता तो आडवा झाला आहे, मिशा आहेत, आणि निम्म्या मीनाचा प्रकाश त्याच्या हातात आहे. मी त्याला म्हटलं, उद्या दुपारची विश्रांती जनरेटरला देऊ नकोस. तो म्हणाला, मशीन आहे, तापतं, त्याला विश्रांती लागते. मी म्हटलं, आम्ही धुण्याचं यंत्र लावणार नाही, ओव्हन लावणार नाही, इस्त्री करणार नाही, लिफ्टने उतरणार नाही. त्याला संशय आला की आम्ही घरात कारखाना काढतो आहोत, आणि तो स्वतः पाहायला वर आला.

नुहादने त्याला कॉफी दिली आणि डबा दाखवला. हे? एवढ्यासाठी? असा त्याचा चेहरा झाला. नुहादने त्याला काही समजावलं नाही. तिने एक जुना रविवार लावला. आधी सासरेबुवांनी घसा खाकरला आणि तारीख सांगितली, ते नेहमी सांगायचे तशी. मग ताट-वाट्या, मग फासे पटावर पडल्याचा आवाज, आणि मग एक जाड, खरखरीत, समुद्रावरचा आवाज सासरेबुवांना म्हणाला की अनीस, तू फासे टाकतोस की अंडी ठेवतोस, नीट उडव. मागोमाग तो आवाज एवढ्या मोठ्याने हसला की टेप फाटल्यासारखी झाली. तो हाज सुबही होता. दर रविवारी मासे द्यायला यायचा आणि सासरेबुवांशी पट मांडून बसायचा, जेवूनच जायचा. अबू तलालचा बाप. तो समुद्रावर गेला आणि परतला नाही त्याला पंधराएक वर्षं तरी झाली असतील, आणि बोट सापडली पण तो सापडला नाही, हे तुम्हाला पत्राने कळवलं होतं.

अबू तलाल हातातला कप तसाच धरून उभा राहिला. मग म्हणाला, “पुन्हा लाव.”

नुहादने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही, तिने आपणहून लावलं. आत आई जाग्या झाल्या आणि त्यांनी खोलीतूनच हाक मारली की सुबहीला म्हणावं मासे ओसरीवर ठेवू नको, मांजर आहे. अबू तलालने कॉफी संपवली, मिशीवरून हात फिरवला आणि जाताना दारात एवढंच म्हणाला, “उद्या मशीन थांबणार नाही.”

ते थांबलं नाही. दादा, त्या दिवशी अख्ख्या गल्लीला फुकटात दुपारची वीज मिळाली आणि का मिळाली ते कोणाला कळेना. लोकांना वाटलं निवडणूक आली. आम्ही मात्र थंड मसूर-भात खाऊन डब्याभोवती बसलो होतो. टक्के वाढत होते. कोणी जोरात पाऊल टाकलं तर नुहाद बघायची. अबू तलाल दर थोड्या वेळाने खालून हाक मारून विचारायचा, “कितीपर्यंत आलं?” आणि मी गॅलरीतून आकडा सांगायचो, जणू आत बाळंतपण चाललं आहे. संध्याकाळी विसामने दोन्ही डिस्क उत्तम असल्याचं जाहीर केलं. सब्हीयाने आनंदाने जिभेची ललकारी दिली. अबू तलालने वर येऊन बाळ झाल्याची मिठाई घ्यावी तसे दोन बकलावे घेतले आणि आपल्या बापाच्या आवाजाची प्रत मागितली. ती त्याला दिली. तो ती जनरेटरच्या खोलीत बसून ऐकतो. त्या आवाजात त्याला काय ऐकू येत असेल कोणास ठाऊक, पण ऐकतो.

आणि पुढच्या रविवारी तुमचं आलं, “दिसत नाही.”

खरं सांगतो, त्या दिवशी मला तुमचा राग आला. (आता गेला आहे.) एवढं सगळं करून डबा जिथला तिथे. विसाम तर रडवेला झाला. त्याने डबा आपल्या घरी नेऊन ठेवायची तयारी दाखवली, ती नुहादने फेटाळली. बाप काय दुसऱ्यांच्या घरी नेऊन ठेवायचा असतो का, असं तिचं म्हणणं पडलं.

मग एक गोष्ट घडली. आईंच्या धाकट्या बहिणीला बरं नव्हतं म्हणून आई आठवडाभर अमियूनला जाऊन राहिल्या. आणि त्या आठवड्यात डबा सकाळ-दुपार-संध्याकाळ, जेव्हा पाहावं तेव्हा हजर. तुम्हीही त्या रविवारी काही लिहिलं नाहीत, म्हणजे ऐकू आलं असणार. आई परतल्या, आणि दुपारी डबा पुन्हा गप्प.

माझ्या मनात काय आलं ते तुम्ही ओळखलं असेल. पण मनात येणं वेगळं आणि बायकोला सांगणं वेगळं. मी बराच वेळ योग्य शब्द शोधले. शेवटी योग्य नसलेलेच शब्द तोंडून निघाले. नुहादने हातातली सुरी खाली ठेवली (सुरी खाली ठेवते तेव्हा जास्त भीती वाटते) आणि विचारलं, “मित्री, माझी आई यंत्राला बाधते, असं तुला म्हणायचं आहे का?” मी म्हटलं, मला काहीच म्हणायचं नाही, मला फक्त आज दुपारी आईंच्या खोलीत बसायचं आहे.

तसा बसलो. आईंना अतिशय आनंद झाला, कारण जावई आपणहून येऊन बसण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्यांनी मला खारे शेंगदाणे दिले आणि टीव्ही लावला. दुपारच्या झोपेनंतर त्या रोज तुर्की मालिका पाहतात. त्यांनी मला सगळं सांगितलं. नायिकेची दृष्टी गेलेली आहे पण नवऱ्याला ते माहीत नाही, कारण नवराही तिच्याकडे बघत नाही. सासू वाईट आहे, पण तिच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. मी मान डोलावत होतो आणि मांडीवर लपवलेल्या फोनकडे पाहत होतो. टीव्ही लागताच फोनवरून डबा नाहीसा झाला होता. मी आईंना विनंती केली की मिनिटभर टीव्ही बंद करून पाहू या का. तेवढ्यात नायिका जिन्याच्या टोकाशी आली होती. आई म्हणाल्या, ती पडेपर्यंत थांब. ती पडली. जाहिराती आल्या. टीव्ही बंद केला, फोनवर डबा आला. टीव्ही लावला, डबा गेला. मी नुहादला हाक मारली. तिने तीनदा करून पाहिलं. आई तक्रार न करता बसून होत्या, कारण जाहिराती त्यांनाही आवडत नाहीत.

विसामला फोन केला, त्याने सांगितलं तसं आम्ही टीव्हीच्या पोटात शिरून पाहिलं. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटरने ओळखावं म्हणून एक क्रमांक असतो, दाराला असतो तसा. डब्याचा क्रमांक शेवटी सतरा. टीव्हीचाही शेवटी सतरा. दोन घरांना एकच क्रमांक, मग पोस्टमन काय करील? ज्याचं दार उघडं दिसेल तिथे टपाल टाकील. टीव्ही झोपलेला असला की सगळं डब्याला मिळायचं. दुपारी टीव्ही जागा झाला की तुमची हाक मॉन्ट्रियलहून समुद्र ओलांडून यायची आणि तुर्कस्तानच्या नायिकेपाशी जाऊन पडायची. सकाळी नुहादला ऐकू यायचं, विसामला सकाळी सगळं ठीक दिसायचं, आणि तुमची रविवारची सकाळ म्हणजे आमची दुपार. कोणी खोटं बोलत नव्हतं.

आता हा सतरा दोघांनाही कोणी दिला, यात मी शिरत नाही. एवढंच आठवण म्हणून लिहितो की मागच्या शरद ऋतूत डबा आला तेव्हा व्हिडिओवरून क्रमांक तुम्ही सांगितलात आणि मी दाबला. नाताळात आईंचा टीव्ही सारखा अडकायचा, तेव्हाही तुम्ही मायेने तासभर बसलात, क्रमांक सांगितलात आणि मी दाबला. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, “शेवटी सतरा टाक, माझ्या फुटबॉलच्या बनियनवरचा.” तेव्हा चूक असलीच तर तुमच्या संघाची आहे. आणि बोट माझं होतं.

आईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मी टीव्ही लावला की अनीस गप्प बसायचा?” मी म्हटलं, हो. त्यांनी वाटीतले दोन शेंगदाणे तोंडात टाकले. मग म्हणाल्या, “जिवंत असताना हे जमलं नाही.” आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी शेंगदाण्याच्या मिठाने आलं असं सांगितलं.

टीव्हीला अठरा क्रमांक दिला आहे. आता दोघं एकाच घरात सुखाने नांदतात. निळा मणी मात्र नुहादने काढू दिला नाही. तेव्हा दादा, डबा विजेसाठी बंद केला नव्हता, कोणीच केला नव्हता, हे सिद्ध झालं आहे. तुम्ही नुहादला दोन शब्द लिहावेत. माफी वगैरे नको, ती चिडेल. कुसांची कृती विचारलीत तरी पुरे. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद, तिकडच्या बर्फाला आमची सहानुभूती.

तुमचा,
मित्री

ता. क. वरचं पत्र नुहादने वाचून पसंत केलं आहे. दोन ठिकाणी तिने शुद्धलेखन सुधारलं. यापुढचं तिने वाचलेलं नाही, कारण ती सब्हीयाकडे गेली आहे. फोनवर न लिहिता कागदावर लिहिण्याचं कारणही हेच, माझा फोन ती वाचते. सब्हीयाची मुलगी मॉन्ट्रियलला निघाली आहे, तिच्याबरोबर हे देतो.

मागच्या रविवारी दुपारी माझ्या फोनवरून डबा पुन्हा नाहीसा झाला, म्हणजे तुम्हालाही दिसला नसणार, पण तुम्ही चांगुलपणाने काही लिहिलं नाहीत. मी धावत टीव्हीकडे गेलो. अठराच होता. मग स्वयंपाकघरात गेलो. हिरवा दिवासुद्धा नव्हता. वायर काढून नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली होती आणि नुहाद धुतलेला अजमोदा पुन्हा धूत होती. ती म्हणाली, “फौझी क्रमाने ऐकतो. पुढची कॅसेट तो देश सोडून गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारची आहे.”

दुसऱ्या दिवशी मी वायर तेवढ्यापुरती लावून एकटाच ती ऐकली. सासरेबुवा तारीख सांगतात. मग विचारतात, “फौझीचा फोन आला का?” कोणीतरी म्हणतं, लाइनी बंद आहेत. मग जेवणाचे आवाज. पुढच्या रविवारी तारीख, आणि तोच प्रश्न. त्याच्या पुढच्या रविवारी तोच. मी पुढे पुढे जाऊन पाहिलं दादा, शेवटच्या कॅसेटीपर्यंत. तुमचा फोन दर आठवड्याला येऊ लागला त्या वर्षांतही ते विचारतात. एका ठिकाणी आई म्हणतात, “अहो, सकाळीच नाही का आला? तुम्हीच तर बोललात.” ते म्हणतात, “माहीत आहे. तरी विचारतो.”

हे तुम्ही तिकडे एकट्याने, कॉफीच्या कपासमोर ऐकू नये म्हणून तिने वायर काढली. तेव्हा वर मी जे सिद्ध केलं ते सगळं खरं आहे, फक्त मागचा रविवार सोडून. आणि खरी विनंती ही की डबा दुरुस्त झाला का हे आता विचारू नका. या. टेबल तेच आहे. आम्ही सगळे बसू आणि मग लावू.

ता. क. २. मी हे लिहिलं ते नुहादला कळू देऊ नका. तुम्हाला आपणहून यावंसं वाटलं असं दाखवा. आईंना सांगून ठेवलं आहे की मुलगा आला तर दुपारची मालिका चुकेल. त्या म्हणाल्या, “तो आधी येऊ दे, मग बघू.”

ता. क. ३. फौझीदादा, नुहाद लिहिते आहे. मित्री गोंद शोधायला गेला आणि पाकीट उघडंच टाकून गेला. मी सगळं वाचलं. वायर पुन्हा लावली आहे, आपल्या वडिलांचा आवाज तुझ्यापासून अडवायचा मला हक्क नाही. पण तुझ्या जागी मी असते तर ते एकटीने ऐकलं नसतं. कुसा वसंतात चांगल्या मिळतात. मित्रीला यातलं काही सांगू नकोस, त्याला वाटतंय की हे पत्र त्याच्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही.